मात्रेचा प्रश्न : ‘तापाच्या गोळी’च्या लौकिकाचा इतिहास

‘मात्रा’ हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटतो तो वृत्तांच्या पाठात. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून मधातून चाटवायचे औषध. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे आपण म्हणतो ते याच अर्थाच्या आधाराने. आणि आधुनिक वैद्यकाच्या मराठीत मात्रा म्हणजे एका वेळी घ्यायचे औषधाचे नेमके प्रमाण. तिन्ही अर्थांच्या मुळाशी माप आहे. ज्या औषधाविषयी येथे लिहायचे आहे, त्याचा सारा इतिहास या मापाभोवती फिरतो.

हे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. हे नाव उच्चारायला अवघड म्हणून असेल, किंवा गरजच पडली नाही म्हणून असेल, मराठी घरांत ते क्वचितच ऐकू येते. आपण ‘तापाची गोळी’ म्हणतो, किंवा क्रोसिन, कॅल्पॉल, मेटासिन अशा व्यापारी नावांपैकी एखाद्याचे सामान्यनाम करून टाकतो. २०२०-२१ च्या साथीत ‘डोलो’ या शब्दाला जी लोकप्रियता लाभली ती सर्वांच्या स्मरणात आहे. खेड्यात ‘आशा’ कार्यकर्तीच्या पिशवीत ही गोळी असते. लहान गावांतल्या साध्या दुकानातून काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा आपल्या औषधविषयक नियमांनी दिली आहे, त्या यादीतही ती आहे. घरात साखर असावी तशी ती असते, आणि साखरेइतकीच निरुपद्रवी समजली जाते.

या समजाचे काय होऊ शकते याचा अनुभव मला २०२१ च्या मे महिन्यात आला. माझे वडील तालुक्याच्या गावी राहतात. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांना करोनाचा संसर्ग झाला, प्राणवायूची पातळी ठीक होती म्हणून घरातच वेगळ्या खोलीत राहिले. मी दुसऱ्या शहरात. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण अन्नावरची वासना पूर्ण गेली आणि मळमळ थांबेना. मी फोनच्या पडद्यावरूनच त्यांना गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून दाखवायला सांगितल्या. पहिली डॉक्टरांनी लिहून दिलेली, ६५० मिलिग्रॅमची, दिवसातून चार वेळा. दुसरी सर्दीसाठी औषधांच्या दुकानदाराने दिलेली, दिवसातून तीन वेळा. तिसरी अंगदुखीसाठी शेजाऱ्यांनी आणून दिलेली, दोन वेळा. पट्टीच्या मागचा बारीक मजकूर वाचायला त्यांना भिंग लागले. सर्दीच्या गोळीत इतर दोन औषधांबरोबर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. अंगदुखीच्या गोळीत दुसऱ्या एका वेदनाशामकाबरोबर पॅरासिटामॉल ३२५. बेरीज केली तर दिवसाला ४,७५० मिलिग्रॅम होत होते. धडधाकट प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४,००० च्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे. वडिलांचे वजन बावन्न किलो आणि पोटात जेमतेम पेज. आयुष्यभर समानार्थी शब्द शिकवलेल्या माणसाला तीन नावांमागचा एक अर्थ दिसला नव्हता. त्यांना काय म्हणायचे? मलाही तो चौथ्या दिवशी दिसला.

त्यानंतर या गोळीविषयी मी जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता जाणवले की ही एका रसायनाची कथा जितकी आहे, तितकीच एका लौकिकाचीही आहे. आणि लौकिक कसा घडतो, कसा बिघडतो, हा तर आपल्याच अभ्यासाचा विषय. एखादा ग्रंथ एका मातब्बर टीकाकाराच्या शेऱ्यामुळे दोन पिढ्या अडगळीत पडावा आणि पुढे तोच ग्रंथ कोणतीही चिकित्सा न करता डोक्यावर घेतला जावा, असे वाङ्मयाच्या इतिहासात घडते. पॅरासिटामॉलच्या बाबतीत ही दोन्ही नाट्ये घडली आहेत.

कथेचा आरंभ १८८६ साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या श्ट्रासबुर्ग शहरात होतो. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर काम करीत. पोटातील कृमींवर उपाय म्हणून नॅफ्थलीन देऊन पाहावे असे ठरले. नॅफ्थलीन म्हणजे आपण कपड्यांत ठेवतो त्या डांबरगोळ्यांतला पदार्थ. त्या काळी रोग्याच्या पोटात काय काय जाई याची कल्पना यावी. कृमींवर तर फारसा परिणाम दिसला नाही, पण रोग्याचा ताप मात्र उतरला. चौकशीअंती कळले की औषधशाळेतून बाटलीच चुकीची आली होती. हेपच्या नात्यातल्या एका रसायनशास्त्रज्ञाने तपासून सांगितले की तो पदार्थ ॲसिटॅनिलाइड आहे, रंगांच्या कारखान्यात वापरला जाणारा. दोघांनी त्याच वर्षी आपला शोध प्रसिद्ध केला आणि लवकरच कारखान्याने तो पदार्थ ‘अँटिफेब्रिन’ या नावाने बाजारात आणला.

या नावाकडे थोडे थांबून पाहायला हवे. ॲसिटॅनिलाइड कोणीही स्वस्तात बनवू शकत होते. त्याच्यावर कोणाचा हक्क नव्हता. पण ‘अँटिफेब्रिन’ या शब्दावर हक्क होता. डॉक्टरांना जीभ वळायला सोपा शब्द मिळाला, ते चिठ्ठीवर तोच लिहू लागले, आणि लिहिलेल्या नावाचेच औषध देण्याचे बंधन असल्यामुळे औषधविक्रेत्याला तीच पूड तिच्या स्वस्त रासायनिक नावाखाली देता येईना. वडिलांच्या टेबलावर तीन नावांच्या तीन पट्ट्या आल्या त्याची परंपरा येथवर मागे जाते. पदार्थापासून नाव सुटे करून ते विकता येते, हे औषधाच्या व्यापाराला तेव्हा उमगले.

अँटिफेब्रिनचा एक दोष होता. ते घेणाऱ्या काही रोग्यांचे ओठ आणि नखे निळी पडत. रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलून त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी झाल्याचा तो परिणाम. तेव्हा त्याच कुळातला, पण कमी त्रासाचा पदार्थ शोधण्याची स्पर्धा सुरू झाली. बायर कंपनीकडे रंगनिर्मितीत उरणाऱ्या पॅरानायट्रोफिनॉल नावाच्या पदार्थाचा साठा पडून होता. कार्ल डुइसबर्ग या तेथील तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने त्यापासून फेनासिटिन तयार झाले आणि १८८८ च्या सुमारास विक्रीला आले. टाकाऊ साठ्यातून सोन्याची खाण निघाली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे फेनासिटिन जगभर खपले. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत मिळणारी ‘एपीसी’ ज्यांना आठवते, त्यांच्यासाठी सांगतो: त्यातला ‘ए’ ॲस्पिरिनचा, ‘सी’ कॅफीनचा आणि मधला ‘पी’ या फेनासिटिनचा.

या गर्दीत पॅरासिटामॉल कोठे होते? ते तर ही औषधे बाजारात येण्याआधीच जन्मलेले. १८७८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्स या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केल्याची नोंद प्रसिद्ध केली होती; त्याला औषधाशी कर्तव्य नव्हते. रोग्यांवर त्याचा प्रयोग करून पाहिला तो योझेफ फोन मेरिंग यांनी, १८९३ साली. फोन मेरिंग ही सामान्य असामी नव्हे. स्वादुपिंड काढून टाकले की कुत्र्याला मधुमेह होतो, हे ज्या दोघांनी १८८९ साली दाखवून दिले त्यांपैकी ते एक. त्यांनी फेनासिटिन आणि पॅरासिटामॉल यांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की पॅरासिटामॉल ताप उतरवते खरे, पण तेही हिमोग्लोबिन बिघडवते; फेनासिटिन बरे.

हा निष्कर्ष चुकीचा होता. त्यांनी वापरलेल्या पॅरासिटामॉलमध्ये ते तयार करताना उरलेला दुसरा एक पदार्थ भेसळीसारखा मिसळलेला असावा, असा अंदाज पुढे मांडला गेला. म्हणजे दोष संहितेचा नव्हता, हस्तलिखिताच्या त्या एका प्रतीचा होता. पण टीकाकाराने प्रतीवरून संहितेला नापास केले. आश्चर्य चुकीचे नाही, चूक कोणाकडूनही होते. आश्चर्य वाटते ते तिच्या दीर्घायुष्याचे. पन्नासहून अधिक वर्षे तो प्रयोग स्वच्छ नमुना घेऊन पुन्हा करून पाहावा असे कोणी फारसे मनावर घेतले नाही. ॲसिटॅनिलाइड घेतलेल्या माणसाच्या शरीरात त्याचे पॅरासिटामॉलसारख्या पदार्थात रूपांतर होते, असे १८८९ सालीच दिसले होते. तो धागाही कोणी ओढला नाही. फेनासिटिनचा जम बसला होता, त्यामागे मोठा व्यापार होता, आणि फोन मेरिंगसारख्या माणसाने लिहिल्यावर शंका कशाला घ्यायची!

शंका घेतली ती एका उपऱ्याने. ज्युलियस ॲक्सलरॉड न्यूयॉर्कमध्ये एका प्रयोगशाळेत अन्नातील जीवनसत्त्वे मोजण्याचे काम करी. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारलेला, डॉक्टरेट नसलेला, अमोनियाची बाटली फुटून एक डोळा गमावलेला असा हा तंत्रसाहाय्यक. १९४६ साली त्याच्याकडे काम आले ते डोकेदुखीच्या औषधांनी माणसे निळी का पडतात याचा छडा लावण्याचे. सल्ल्यासाठी तो गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयातील बर्नार्ड ब्रॉडी यांच्याकडे गेला. दोघांनी १९४८ साली जे प्रसिद्ध केले त्याचा सारांश असा: ॲसिटॅनिलाइड पोटात गेल्यावर त्याचा थोडा भाग ॲनिलीनमध्ये बदलतो आणि निळेपणा त्या वाटेने येतो, बराचसा भाग पॅरासिटामॉलमध्ये बदलतो, आणि ताप व दुखणे कमी होते ते या पॅरासिटामॉलमुळे. फेनासिटिनचेही तेच. येल विद्यापीठातील लेस्टर आणि ग्रीनबर्ग हेही त्याच सुमारास अशाच निष्कर्षावर आले होते. म्हणजे साठ वर्षे लोक अँटिफेब्रिन आणि फेनासिटिन घेत होते, आणि बरे होत होते ते मुख्यतः बहिष्कृत पॅरासिटामॉलने. मग मधला मध्यस्थ हवाच कशाला?

ॲक्सलरॉडने पुढे १९५५ साली डॉक्टरेट मिळवली आणि मज्जातंतूंवरील कामासाठी १९७० साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असो. पॅरासिटामॉलचे पुनर्वसन मात्र लगोलग झाले. अमेरिकेत १९५५ साली ते लहान मुलांच्या पातळ औषधाच्या रूपात ‘टायलेनॉल’ नावाने आले, ब्रिटनमध्ये १९५६ साली ‘पॅनाडॉल’ नावाने. येथे शब्दप्रेमी वाचकांसाठी एक गंमत. या पदार्थाचे रासायनिक नाव लांबलचक आहे: पॅरा-ॲसिटिल-ॲमिनो-फिनॉल. त्यातली अक्षरे एका पद्धतीने उचलली की ‘पॅरासिटामॉल’ होते, दुसऱ्या पद्धतीने उचलली की अमेरिकेत रूढ असलेले ‘ॲसिटॅमिनोफेन’ होते, आणि तिसऱ्या पद्धतीने ‘टायलेनॉल’. गंमत वाटते खरी. पण परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांच्या सामानात पॅरासिटामॉल असते, सून ॲसिटॅमिनोफेन आणून देते, आणि ही दोन औषधे वेगळी समजून दोन्ही घेतली जातात, तेव्हा ती गंमत राहत नाही.

दरम्यान फेनासिटिनचा पाय घसरत होता. १९५३ साली स्वित्झर्लंडमधील दोन डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचा संबंध वेदनाशामकांच्या दीर्घ सेवनाशी जोडला. त्याहून चटका लावणारी हकिकत स्वीडनमधल्या हुस्कवार्ना या कारखान्याच्या गावची. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तेथील डॉ. योर्टोन यांनी फेनासिटिन असलेली एक पूड लोकांना दिली. साथ गेली, पूड राहिली. कामगार ती थकवा घालवण्यासाठी, कामाचा वेग वाढवण्यासाठी रोज घेऊ लागले. भेट म्हणूनही तिच्या पुड्या दिल्या जात. पुढे त्या गावात मूत्रपिंड निकामी होऊन मरणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी झाली, आणि १९६३ साली तेथील पाहणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. एका साथीतले औषध साथ सरल्यावर सवय म्हणून घरात राहते, हे वाचताना आपल्या घरातल्या डब्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बहुतेक देशांतून फेनासिटिन हळूहळू हटले. अमेरिकेत १९८३ साली.

फेनासिटिन मूत्रपिंड बिघडवते, ॲस्पिरिनने जठरातून रक्तस्राव होतो. मग निर्दोष कोण? पॅरासिटामॉल. पुढे ॲस्पिरिन आणि मुलांतील राय नावाच्या मेंदू-यकृताच्या विकाराचा संबंध लक्षात आला, आणि ऐंशीच्या दशकात तापलेल्या मुलाला ॲस्पिरिन देणे बंद झाले. ती जागाही पॅरासिटामॉलने घेतली. आपल्याकडे डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल घ्या, असे सांगितले जाते ते योग्यच आहे. नेमक्या मात्रेत हे औषध खरोखरच सौम्य आहे. ते पोटाला त्रास देत नाही, रक्त पातळ करीत नाही, गुंगी आणत नाही. पण ‘नेमक्या मात्रेत’ हे दोन शब्द लौकिकाच्या प्रवासात गळून पडले.

ते गळू नयेत याचा इशारा मिळाला होता. १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अतिरिक्त पॅरासिटामॉल पोटात गेल्याने यकृत नष्ट होऊन मृत्यू आल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. असे का व्हावे याचा उलगडा १९७३ साली अमेरिकेत जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. थोडक्यात तो असा: घेतलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. अगदी थोडा भाग मात्र एका दाहक पदार्थात बदलतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा रक्षक असतो. तो या पदार्थाला जागच्या जागी निष्प्रभ करतो. मात्रा वाढली की आधीच्या वाटा तुंबतात, दाहक पदार्थ जास्त बनतो, ग्लुटाथायोनचा साठा संपतो, आणि मग तो पदार्थ यकृताच्या पेशींवरच तुटून पडतो. उपाशी, कुपोषित, दीर्घ आजाराने खंगलेल्या माणसाकडे हा साठा मुळातच कमी असतो. नित्य मद्यपान करणाऱ्याच्या यकृतात दाहक पदार्थ तयार करणारी यंत्रणा जास्त कामाला लागलेली असते. त्यामुळे एकाला चालणारी मात्रा दुसऱ्याला चालेलच असे नाही.

मिचेल यांच्या त्या निबंधांच्या लेखकांत एक नाव पाहून मी थबकलो. बर्नार्ड ब्रॉडी. १९४८ साली ज्यांनी पॅरासिटामॉलवरचा कलंक पुसला, तेच पंचवीस वर्षांनी त्याचा दुसरा, खरा दोष सांगणाऱ्यांत होते, नियतकालिकही तेच. आपण ज्याची बाजू घेतली त्याच्याविषयी इतक्या निर्विकारपणे पुन्हा लिहू शकणारे किती टीकाकार आपल्याला आठवतात?

विषबाधेची रीत मोठी फसवी आहे. पहिल्या दिवशी मळमळ, थोडा घाम, किंवा काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माणसाला उलट बरे वाटू लागते. घरचे निःश्वास सोडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, गुंगी सुरू होते आणि तोवर यकृताची हानी होऊन गेलेली असते. सुदैवाने याला उतारा आहे. (‘उतारा’ या शब्दाचाही श्लेष पाहा: परीक्षेतला उतारा आणि विषावरचा उतारा.) ॲसिटिलसिस्टीन नावाचे औषध ग्लुटाथायोनचा साठा भरून काढते, एडिंबरोच्या लॉरी प्रेस्कॉट यांनी सत्तरच्या दशकात त्याचा वापर रुळवला. पहिल्या आठ तासांत ते दिले गेले तर यकृत जवळजवळ हमखास वाचते. नंतर उपयोग होतो, पण खात्री कमी कमी होत जाते. म्हणून चुकून किंवा कशाही कारणाने जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता, रोगी ‘मला काही होत नाही’ म्हणाला तरी, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे असते. पट्टी सोबत घेऊन.

ब्रिटनने १९९८ साली एका पुडक्यात किती गोळ्या विकायच्या यावर मर्यादा घातली: साध्या दुकानात सोळा, औषधांच्या दुकानात बत्तीस. मनाच्या एखाद्या वाईट घटकेत माणसाच्या हाताशी कमी गोळ्या असाव्यात, एवढाच हेतू. आणि त्यानंतर अशा मृत्यूंत घट झाल्याचे पाहण्यांतून दिसले. ती घटका बहुधा सरते, हे त्या नियमाने गृहीत धरले होते. अमेरिकेत अकस्मात यकृत निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण पॅरासिटामॉल आहे. त्यांतले सुमारे निम्मे रोगी असे असतात की ज्यांना स्वतःला इजा करायची नव्हती. दुखणे थांबेना म्हणून ते थोडी थोडी जास्त घेत गेले, किंवा दोन-तीन औषधांतून एकच पदार्थ घेत राहिले. २०११ साली तेथील औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे अशी मर्यादा आणायला घेतली ती यासाठी. आपल्याकडे अकस्मात यकृत बिघडण्याचे मुख्य कारण अजून विषाणूजन्य कावीळ आणि काही प्रमाणात क्षयाची औषधे हे आहे. पण कावीळ उघड होण्याआधी चार-पाच दिवस तापच असतो, आणि त्या तापात आपण काय घेतो हे सांगायला नको.

मुलांच्या बाबतीत मात्रेची गफलत आणखी सोपी. औषध वयावर नव्हे, वजनावर मोजायचे असते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने. तान्ह्या मुलांसाठीचे थेंब दाट असतात, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम किंवा अधिक. मोठ्या मुलांचे पातळ औषध त्यामानाने विरळ, पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. थेंबांच्या बाटलीतले औषध कोणी चहाच्या चमच्याने दिले, तर बाळाला एका दमात चौपट मिळते. बाटल्यांचा रंग सारखा, कंपनी एक, नाव एक. फरक फक्त एका ओळीत छापलेला. आपल्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना तळटीप वाचायला शिकवतो, आणि घरी बाटलीवरची ओळ वाचत नाही.

प्रौढांचे माप फार गुंतागुंतीचे नाही. एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम, मध्ये किमान चार ते सहा तास, दिवसाला ४,००० च्या आत. वजन कमी, यकृताचा आजार, मद्यपान किंवा उपासमार असेल तर त्याहून बरेच कमी, डॉक्टरांना विचारून. ताप तीन दिवसांवर गेला तर गोळी वाढवण्याऐवजी तापाचे कारण शोधायचे. शिवाय प्रत्येक दुखण्यावर ही गोळी चालतेच असेही नाही. कंबरेच्या ताज्या दुखण्यावर ती आणि निव्वळ खोटी गोळी यांत फरक पडत नाही, असे ऑस्ट्रेलियात झालेल्या मोठ्या पाहणीतून २०१४ साली दिसले. ती शरीरात नेमके कसे काम करते, यावर तज्ज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही. जगातल्या सर्वाधिक घेतल्या जाणाऱ्या औषधांपैकी एकाची ही स्थिती!

लौकिकाचे हेलकावे अजून थांबलेले नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणात हे औषध घेण्याचा आणि मुलांतील स्वमग्नतेचा संबंध जाहीरपणे जोडला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधील सुमारे पंचवीस लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केल्यावर असा संबंध आढळला नव्हता. पण व्यासपीठ मोठे होते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने, सातव्या महिन्यात, १०२ अंश ताप असताना दीड दिवस गोळी घेतली नाही; गरोदरपणातला चढा ताप हाच बाळाला धोकादायक असू शकतो, हे तिला तिच्या डॉक्टरांनी समजावून सांगावे लागले. फोन मेरिंगने निदान प्रयोग तरी केला होता.

वडिलांचे सांगायचे राहिले. त्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दोन्ही पट्ट्या बंद करून रक्ततपासणी करायला सांगितली. यकृताचे आकडे वाढलेले निघाले. त्यात विषाणूचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती हे सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. दहा दिवसांनी आकडे उतरले. जूनमध्ये मी गावी गेलो तेव्हा वडील औषधांचा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. भिंगातून एकेक पट्टी वाचायची आणि जिच्यात पॅरासिटामॉल सापडेल तिच्या पाठीवर काळ्या शाईने, वळणदार अक्षरात ‘पॅ’ लिहायचे, असे त्यांचे चालले होते. खोकल्याच्या बाटलीवरही त्यांनी चिठ्ठी चिकटवली. डब्यात एकूण सात ‘पॅ’ निघाले. त्यांपैकी दोन पट्ट्यांची मुदत २०१७ सालीच संपली होती.